ऊर्जेची जोखीम आणि तिची मापे : अणुऊर्जाविषयक वादाचा ऐतिहासिक परामर्श

१

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना प्रामुख्याने भर्तृहरीच्या सुभाषितांचे चिकित्सक संपादक म्हणून परिचित आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची भर्तृहरीची आवृत्ती पाठचिकित्सेच्या क्षेत्रात आजही आधारभूत मानली जाते. याच कोसंबींनी त्या काळात भारताच्या ऊर्जाविषयक धोरणासंबंधी एक वेगळा वाद उभा केला होता, याची दखल साहित्यविचारात फारशी घेतली गेलेली नाही. ‘एग्झॅस्परेटिंग एसेज’ या १९५७ च्या संग्रहात भर्तृहरीच्या काव्यातील वैराग्यावरील निबंधाबरोबरच ‘सन ऑर अ‍ॅटम?’ हा निबंधही आहे. ‘सूर्य की अणू’ हा प्रश्न विचारणारे कोसंबी त्या वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे संशोधक होते. त्या संस्थेचे संस्थापक-संचालक होमी भाभा हेच भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचेही शिल्पकार होते. एकाच संस्थेत परस्परविरोधी अशा या दोन ऊर्जादृष्टी नांदत होत्या. १९६२ मध्ये कोसंबींचा संस्थेशी असलेला करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही.

अणुऊर्जेची जोखीम आणि इतर ऊर्जासाधनांची जोखीम यांची तुलना हा विषय सामान्यतः अभियंते, अर्थतज्ज्ञ आणि वैद्यकशास्त्रज्ञ यांचा समजला जातो. परंतु गेल्या सात दशकांतील या वादाचा इतिहास पाहिला असता असे दिसून येते की, ही तुलना केवळ आकड्यांच्या बळावर कधीच झालेली नाही. कोणती हानी मोजायची, ती कोणाच्या खात्यावर टाकायची आणि तिची गोष्ट कोणी सांगायची, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी गृहीत धरूनच प्रत्येक काळातील तराजू उभा राहिला आहे. मराठीत ‘जोखणे’ म्हणजे तोलणे, पारखणे. ‘जोखीम’ या शब्दात संकटाचा अर्थ तर आहेच, पण अंगावर बाळगलेल्या मौल्यवान ऐवजालाही आपण जोखीमच म्हणतो. व्युत्पत्तीचा निर्णय काहीही होवो, जे जोखायचे त्यात संकट आणि ऐवज ही दोन्ही आली पाहिजेत, हे या शब्दाच्या वापरातून सहज सूचित होते. ऊर्जेच्या हिशेबात मात्र संकटे मोजली गेली आणि ऐवज बहुधा गृहीत धरला गेला. या विषमतेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

१९५५ मध्ये जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांसंबंधी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. भाभा तिचे अध्यक्ष होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी मानवी इतिहासाची मांडणी ऊर्जेच्या युगांनुसार केली : प्रथम स्नायूंची शक्ती, नंतर कोळसा आणि तेल यांसारख्या इंधनांची रासायनिक शक्ती आणि त्यानंतर अणूची. पुढील दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीतही त्यांनी केले. ते खरे ठरले नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय आहे ती या मांडणीची आख्यानरूप रचना. ज्या कथेत एक युग संपून दुसरे अपरिहार्यपणे सुरू होते, त्या कथेत ‘अमुक साधन की तमुक’ असा प्रश्नच उरत नाही. उरतो तो केवळ विलंबाचा प्रश्न. भारतापुरता भाभांचा युक्तिवाद अधिक व्यावहारिक होता. देशातील कोळसा मुख्यतः पूर्वेकडे होता आणि मुंबई-अहमदाबादसारखी उद्योगकेंद्रे पश्चिमेकडे होती, त्यामुळे वाहतुकीचा खर्च जमेस धरता अणुवीज परवडेल, असे ते म्हणत. मुंबईच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेपासून जवळच तारापूरची निवड झाली ती याच तर्काने. तेथील अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या.

कोसंबींनी या युगकथेलाच आव्हान दिले. गरीब देशाला अणुभट्ट्यांचा भांडवली खर्च झेपणारा नाही, त्यांतून निर्माण होणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यांचा प्रश्न सुटलेला नाही आणि ज्या देशावर सूर्य वर्षातील बहुतेक दिवस मुक्तहस्ते प्रकाश ओततो त्या देशाने ही शक्ती गावपातळीवर वापरण्याचे तंत्र शोधले पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९६० मध्ये पुण्यात दिलेल्या ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी फॉर इंडिया’ या व्याख्यानात त्यांनी याच विचाराची पुन्हा मांडणी केली. ऊर्जा कोठे निर्माण होते आणि तिच्यावर ताबा कोणाचा राहतो हा त्यांच्या लेखी ऊर्जेच्या स्वरूपाचाच भाग होता.

या वादात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, दोघांपैकी कोणीही मृत्यूंची तुलनात्मक तक्ते मांडून आपला पक्ष सिद्ध केला नाही. तसे तक्ते तेव्हा अस्तित्वातच नव्हते. दुसरी म्हणजे, हा वाद सार्वजनिक रीत्या पुढे चालू राहावा असे वातावरण निर्माण झाले नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने या क्षेत्रातील माहितीवर निर्बंध घालण्याचे व्यापक अधिकार केंद्र सरकारला दिले. जोखमीची चर्चा ज्या माहितीवर अवलंबून असते ती माहितीच एका खात्याच्या कुलुपात गेली, आणि पुढील अनेक दशके या क्षेत्राविषयी जो अविश्वास दिसतो त्याचे एक मूळ या ठिकाणी सापडते.

३

जोखमीला आकड्यांत बसवण्याचा पद्धतशीर उद्योग सुरू झाला तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ब्रिटिश अभियंता एफ. आर. फार्मर यांनी १९६७ मध्ये अपघाताची संभाव्यता आणि त्याची तीव्रता यांचा आलेख मांडला. मोठा अपघात विरळ असेल तर तो लहान पण वारंवार होणाऱ्या अपघाताच्या तोलाचा मानता येईल, ही त्यामागील कल्पना होती. १९६९ मध्ये अमेरिकेतील चॉन्सी स्टार यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात असे दाखवण्याचा प्रयत्न केला की, माणसे स्वेच्छेने पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या सुमारे हजारपट प्रमाणात सहन करतात. स्टार स्वतः अणुऊर्जेचे पुरस्कर्ते होते, तरीही त्यांच्या निष्कर्षातून जो प्रश्न पुढे आला तो अणुऊर्जेलाच अडचणीचा होता : अणुकेंद्राशेजारी राहणाऱ्या गावाने तो धोका स्वेच्छेने पत्करला आहे काय?

१९७५ मध्ये नॉर्मन रॅस्मुसेन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला अमेरिकी अहवाल या उद्योगाचा कळस म्हणावा लागेल. अणुभट्टीच्या अपघाताची शक्यता त्यात इतर आपत्तींच्या शेजारी मांडली गेली आणि सारांशात तिची तुलना उल्कापाताशी करण्यात आली. या सारांशावर तीव्र टीका झाली. अमेरिकी अणुनियामक आयोगाने जानेवारी १९७९ मध्ये त्या सारांशाला दिलेले समर्थन काढून घेतले. त्यानंतर दोन महिन्यांनी, २८ मार्च रोजी, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्याआधी जेमतेम बारा दिवस ‘द चायना सिंड्रोम’ हा अणुकेंद्रातील अपघाताविषयीचा कथापट अमेरिकेत प्रदर्शित झाला होता. थ्री माइल आयलंडच्या अपघातात तत्काळ कोणी दगावले नाही, पण आकड्यांची भाषा आणि कथेची भाषा यांचा संघर्ष त्या पंधरवड्यात जितका उघड झाला तितका त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

आकडे तटस्थ असतात या समजुतीलाही याच सुमारास तडा गेला. १९७८ मध्ये कॅनडाच्या अणुऊर्जा नियंत्रण मंडळासाठी हर्बर्ट इन्हॅबर यांनी सर्व ऊर्जासाधनांच्या जोखमींची तुलना केली आणि नैसर्गिक वायू व अणुऊर्जा ही सर्वांत सुरक्षित, तर सौर व पवनऊर्जा बरीच धोकादायक, असा निष्कर्ष काढला. सूर्य नसताना किंवा वारा पडलेला असताना लागणाऱ्या पूरक विजेसाठी जो कोळसा जाळावा लागेल, त्याची हानी त्यांनी सौर आणि पवनऊर्जेच्या खात्यावर टाकली होती. जॉन होल्ड्रेन यांच्यासह अनेकांनी या पद्धतीची कठोर चिकित्सा केली. वाद आकड्यांचा दिसत होता, प्रत्यक्षात तो खातेवहीच्या रकान्यांचा होता.

पुढील काळातील अभ्यास अधिक काटेकोर आहेत आणि त्यांचा निष्कर्ष दुर्लक्षिता येण्यासारखा नाही. २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनिल मार्कंड्या आणि पॉल विल्किन्सन यांनी युरोपातील स्थितीवर आधारलेले अंदाज प्रसिद्ध केले. दर अब्ज युनिट विजेमागे कोळशामुळे सुमारे २४.५, नैसर्गिक वायूमुळे सुमारे २.८ आणि अणुऊर्जेमुळे ०.१ हूनही कमी मृत्यू, असे ते प्रमाण होते. कोळशाच्या हिशेबातील बहुतेक मृत्यू खाणीतील नाहीत. ते धुरातील सूक्ष्म कणांमुळे हृदय आणि फुप्फुसे यांच्या विकारांनी होणारे आहेत. केंद्राभोवतीची लोकवस्ती जितकी दाट तितके हे प्रमाण वाढत जाते.

या मृतांना नावे नसतात. कोणत्याही एका मृत्यूच्या दाखल्यावर ‘औष्णिक वीज’ हे कारण लिहिले जात नाही. चेर्नोबिलच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न आहे, मात्र त्याचा परिणाम उलटा झाला. २६ एप्रिल १९८६ चा स्फोट आणि तीव्र किरणोत्सर्गबाधा यांमुळे पहिल्या काही महिन्यांत सुमारे तीस माणसे मरण पावली. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा समावेश असलेल्या चेर्नोबिल मंचाने सर्वाधिक बाधित गटांत कालांतराने चार हजारांपर्यंत मृत्यू होऊ शकतील असा अंदाज केला. त्यापुढील वर्षी आलेल्या एका टीकात्मक अहवालाने हा आकडा तीस ते साठ हजार इतका सांगितला. यांतील मोठा आकडा स्वीकारला तरी अणुवीज कोळशाच्या बरीच खाली राहते. असे असूनही चेर्नोबिल हा शब्द जगातील बहुतेक भाषांत एक रूपक होऊन बसला आहे. कोळशाच्या धुराला असे एकही विशेषनाम लाभलेले नाही.

४

खाते कोणाचे, हा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा होतो तो धरणांच्या संदर्भात. ऑगस्ट १९७५ मध्ये चीनच्या हनान प्रांतात चक्रीवादळी पावसाने बान्चियाओ आणि त्याबरोबर साठाहून अधिक धरणे फुटली. बुडून मेलेल्यांची संख्या सुमारे २६ हजार सांगितली जाते. त्यानंतरची रोगराई आणि उपासमार धरता ती १ लाख ७१ हजार, किंवा त्याहून अधिक, असल्याचे अंदाज आहेत. या घटनेचा अधिकृत तपशील चीनने २००५ पर्यंत गोपनीय ठेवला होता. ऊर्जासाधनांच्या आजच्या तुलनात्मक तक्त्यांत जलविद्युतेच्या नावापुढे जो आकडा दिसतो त्याचा फार मोठा भाग या एका घटनेतून येतो. ती वगळली तर जलविद्युत अत्यंत सुरक्षित ठरते, धरली तर ती अणुऊर्जेहून कितीतरी पट घातक ठरते. शिवाय बान्चियाओ हे मुख्यतः पूरनियंत्रणाचे धरण होते. त्याचे मृत विजेच्या खात्यावर का लिहावेत, हा प्रश्न उरतोच.

भारतातील दोन घटना याच संदर्भात आठवतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात ६.३ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० ते २०० माणसे मृत्युमुखी पडली. कोयनेच्या जलाशयात पाणी साठवण्यास १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरुवात झाली होती. तेव्हापासून वाढलेल्या धक्क्यांमुळे जलाशयप्रेरित भूकंपाचे ठळक उदाहरण म्हणून कोयनेचे नाव आता जगभरच्या भूकंपशास्त्रात घेतले जाते. ११ ऑगस्ट १९७९ रोजी सौराष्ट्रात मच्छू नदीवरील दुसरे धरण फुटून मोरबी शहर वाहून गेले. मृतांचे अंदाज सुमारे अठराशेपासून पंचवीस हजारांपर्यंत इतके भिन्न आहेत. मच्छूचे धरण सिंचनाचे होते, म्हणून मोरबीचे मृत कोणत्याही ऊर्जेच्या तक्त्यात येत नाहीत. कोयनेचे धरण विजेचे होते, पण त्याचे मृत भूकंपाच्या नोंदीत जमा झाले.

रकान्यांचा हाच खेळ जपानमध्ये एकाच दिवशी आणि एकाच प्रांतात घडलेला दिसतो. ११ मार्च २०११ च्या भूकंपाने फुकुशिमा प्रांतातील फुजिनुमा हे सिंचनाचे मातीचे धरण फुटले आणि आठ माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. त्याच प्रांताच्या किनाऱ्यावर, त्सुनामीने वीजपुरवठा बंद पडल्यामुळे, फुकुशिमा दाइइची केंद्रातील तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. किरणोत्सर्गामुळे झालेला केवळ एक कामगारमृत्यू जपान सरकारने २०१८ मध्ये मान्य केला. मात्र सुमारे १ लाख ६० हजार लोकांना घरे सोडावी लागली, आणि या स्थलांतराच्या ताणाने, रुग्णालयांतून हलवाहलव झाल्याने, वृद्धांचा आधार तुटल्याने त्या प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचे शासनाने नोंदवले. हे मृत्यू अणुऊर्जेचे की अणुऊर्जेच्या भीतीचे? प्रश्न कसाही सोडवला तरी ते घडले ही वस्तुस्थिती बदलत नाही. फुजिनुमाचे नाव जपानबाहेर जवळजवळ कोणालाच ठाऊक नाही.

५

या ठिकाणी साहित्याची साक्ष काढणे उद्बोधक ठरेल. युरोपीय कादंबरीत कोळशाची खाण लवकर आली. झोलाची ‘जर्मिनल’ १८८५ ची. भारतीय भाषांतही खाणीचे वाङ्मय समृद्ध आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला खाणीत पाणी शिरून पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडाले. त्या घटनेचे पडसाद संजीव यांच्या ‘सावधान! नीचे आग है’ या १९८६ च्या हिंदी कादंबरीत आणि त्याआधी ‘काला पत्थर’ या १९७९ च्या चित्रपटात उमटले. झरियाच्या कोळसापट्ट्यावरील इलियास अहमद गद्दी यांच्या ‘फायर एरिया’ या उर्दू कादंबरीला १९९६ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांचे जीवन मराठीत विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त आणि हिंदीत वीरेंद्र जैन यांच्या ‘डूब’मध्ये आले. दोन्ही कादंबऱ्या १९९१ च्या आहेत. युरेनियमच्या खाणींचे परिणाम भोगणाऱ्या झारखंडमधील आदिवासींची कथा महुआ माजी यांनी ‘मरंग गोड़ा नीलकंठ हुआ’ या २०१२ च्या कादंबरीत सांगितली. चेर्नोबिलच्या संदर्भात ख्रिस्टा वोल्फ यांची ‘श्टोरफाल’ ही जर्मन कृती लगेचच, १९८७ मध्ये, प्रसिद्ध झाली, आणि स्वेतलाना अलेक्सिएविच यांचा साक्षींचा ग्रंथ १९९७ मध्ये आला.

ही यादी विविध भाषांतील असूनही तिच्यात एक समान नियम दिसतो. ज्या जोखमीला ठिकाण आहे, ज्या हानीला दिवस आणि माणसे आहेत, ती कथेत येते. खाण, बुडीत क्षेत्र, ओसाड पडलेले प्रीप्यात शहर ही कादंबरीच्या स्थलकालात बसणारी ठिकाणे आहेत. औष्णिक केंद्राच्या धुरामुळे शेकडो किलोमीटरवर कोणाचे तरी आयुष्य काही वर्षांनी घटते, या घटनेला मात्र ना स्थळ आहे, ना क्षण, ना खलपुरुष. या यादीतील एकाही कृतीचा नायक हा अदृश्य मृत्यू नाही. आकडे ज्या मृत्यूंना सर्वांत मोठे स्थान देतात त्यांनाच कथा सर्वांत कमी स्थान देते, असा हा व्यत्यास आहे. अणुऊर्जेच्या बाबतीत तो उलट्या दिशेने काम करतो. तिच्यामागे १९४५ च्या हिरोशिमा-नागासाकीची स्मृती उभी आहे, त्यामुळे वीजनिर्मितीच्या भट्टीचा विचारही बाँबच्या प्रतिमेतून होतो. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की, सामान्य माणूस धोका ठरवताना मृत्यूंच्या सरासरीपेक्षा त्याची भीषणता आणि अपरिचितता यांना अधिक महत्त्व देतो. साहित्याच्या अभ्यासकाला या निष्कर्षाचे नवल वाटू नये. भीषण आणि अपरिचित यांच्यावरच आख्यानपरंपरेचा मोठा भाग उभा आहे.

परंतु एवढ्यावरून कथेने दिशाभूल केली आणि आकड्यांनी सत्य सांगितले असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ‘किती’ या प्रश्नाला आकडे उत्तर देतात, ‘कोणाचे’ या प्रश्नाला कथा उत्तर देते. झाडाझडती वाचून धरणाची सरासरी हानी कळत नाही, पण सरासरीत जे मावत नाही ते कळते : जमीन, गाव, देवस्थान, नात्यांची वीण. ‘जोखीम’ या शब्दातील ऐवजाचा अर्थ कथेने जपला आहे. मुळशीच्या सत्याग्रहाची आठवण येथे समर्पक ठरते. १९२१ मध्ये सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध लढा दिला. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती आणि बुडणारी भातखाचरे मावळ्यांची होती. त्या लढ्यात कोणी विजेमुळे मेले नव्हते. मृत्यूंच्या तक्त्यात मुळशीचा रकाना कोराच राहील.

६

तारापूरपासून जैतापूरपर्यंतचा प्रवास या कोऱ्या रकान्यांचाच इतिहास आहे. तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण या गावांचे विस्थापन झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील माडबन परिसरात जैतापूर प्रकल्पासाठी पाच गावांची सुमारे ९४० हेक्टर जमीन संपादित झाली. तेथे सहा फ्रेंच अणुभट्ट्यांतून ९,९०० मेगावॅट वीज निर्माण करण्याची मूळ योजना होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली, चार महिन्यांनी फुकुशिमा घडले आणि १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील आंदोलनात पोलीस गोळीबारात एका आंदोलकाचा मृत्यू झाला. या आंदोलनातील मच्छीमारांचा आक्षेप मुख्यतः समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याविषयी आणि सुरक्षेच्या नावाखाली मासेमारीवर येणाऱ्या निर्बंधांविषयी होता. त्याला प्रत्युत्तर म्हणून अणुभट्टीच्या अपघाताची अत्यल्प संभाव्यता सांगण्यात आली. प्रश्न उपजीविकेचा होता आणि उत्तर मृत्यूंच्या भाषेत दिले गेले, त्यामुळे संवाद खुंटला. जैतापूरची एकही भट्टी अद्याप उभी राहिलेली नाही.

या वादावर आणखी एका आपत्तीची छाया होती आणि ती अणूची नव्हती. भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्यातील निकाल जून २०१० मध्ये लागला आणि शिक्षेच्या सौम्यतेमुळे देशभर संताप उसळला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत संसदेने संमत केलेल्या अणुहानी नागरी दायित्व विधेयकात, सदोष सामग्री पुरवणाऱ्या कंपनीकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद त्या दबावाखाली समाविष्ट झाली. कीटकनाशकाच्या कारखान्यातील अपघाताची स्मृती अणुकायद्यात अशा रीतीने कोरली गेली. परदेशी पुरवठादारांनी याच तरतुदीवर पुढे दीर्घकाळ हरकत घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ आणि २०१० या दोन्ही कायद्यांची जागा घेणारा नवा कायदा संमत करून खासगी कंपन्यांना या क्षेत्राची दारे उघडली.

याच काळात कोळशाच्या बाबतीत काय घडले हे पाहणे आवश्यक आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात औष्णिक विजेचे मोठे केंद्र असलेले चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत वरच्या क्रमांकांवर होते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या वायूंचे निकष ठरवले. त्यांच्या पूर्ततेची मुदत वारंवार वाढवण्यात आली आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांना धुरातून गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याच्या सक्तीतून वगळले. तज्ज्ञांच्या वर्तुळात टीका झाली, पण जैतापूरसारखे कोणतेही आंदोलन उभे राहिले नाही. ज्या ऊर्जासाधनाचा मृत्युदर सर्वांत जास्त आहे त्याला सूट एका अधिसूचनेने मिळू शकते आणि ज्याचा दर अत्यल्प आहे त्याला एक प्रकल्प पंधरा वर्षांत उभा करता येत नाही, ही स्थिती सांगितलेल्या आणि न सांगितलेल्या जोखमींमधील अंतर दाखवते. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या अखेरच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. तेथील २०११ नंतरच्या अणुवीजकपातीचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांनी, तिची जागा अंशतः कोळशाने घेतल्यामुळे वर्षाकाठी सुमारे ११०० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला. अणुभट्टी नाकारणे म्हणजे सुरक्षितता स्वीकारणे असा अर्थ होतोच असे नाही. तिच्या जागी प्रत्यक्षात काय जळणार आहे, यावर तो अवलंबून असतो.

७

या परामर्शातून निघणारा निष्कर्ष अणुऊर्जेच्या समर्थकांना आणि विरोधकांनाही पूर्णतः सोयीचा नाही. मानवी प्राणहानीच्या मापाने पाहता अणुऊर्जा ही कोळशापेक्षा कितीतरी कमी घातक आहे, आणि हे मान्य न करणारा विरोध धुराच्या अनामिक बळींकडे पाठ फिरवतो. दुसरीकडे, प्राणहानी हेच एकमेव माप धरून माडबनच्या शेतकऱ्याला किंवा साखरी नाट्याच्या मच्छीमाराला भयगंडाने पछाडलेला ठरवणारे समर्थन मुळशीपासून चालत आलेला प्रश्न पुन्हा टाळते : हानी कोणाची आणि वीज कोणाची? गोपनीयतेच्या कुलुपात ठेवलेल्या क्षेत्राने मागितलेला विश्वास केवळ संभाव्यतेच्या गणितावर मिळत नाही.

कोसंबींच्या प्रश्नाचे उत्तर काळाने अंशतः दिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौरवीज क्षमता एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली, तर अणुवीज क्षमता नऊ हजार मेगावॅटच्याही आत होती. मात्र आजची सौरवीज बव्हंशी त्यांना अभिप्रेत असलेली गावपातळीची नाही. राजस्थानसारख्या प्रांतांत ती विस्तीर्ण उद्यानांतून येते आणि तिच्या वाहिन्यांमुळे माळढोकाच्या अस्तित्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. सूर्याच्या खात्यातही आता जमीन, पक्षी आणि चराऊ राने यांचे रकाने उघडले जात आहेत.

भारतीय भाषांतील ऊर्जाविषयक वाङ्मयाचा तौलनिक अभ्यास अद्याप झालेला नाही. हिंदी व उर्दूतील खाण, मराठी व हिंदीतील धरण आणि झारखंडातील युरेनियम यांवरील कृती एकत्र वाचल्या तर एका देशाने आपल्या विजेची किंमत कोणाकडून वसूल केली याचा आलेख हाती येईल. त्याच अभ्यासात चंद्रपूर, कोरबा किंवा सिंगरौली येथील औष्णिक केंद्रांच्या धुराविषयी किती लिहिले गेले आहे, याचाही शोध घ्यावा लागेल. तो शोध रिकाम्या हाताने परतला तर ते मौनही नोंदवून ठेवावे लागेल, कारण अब्ज युनिटांमागील चोवीस मृतांचा पत्ता त्या मौनातच आहे.